सीमेवरचा रुग्ण आणि आरोग्यसेवा व्यवस्थापनाचं शिक्षण
(निपाणी येथील स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यान)



आरोग्यसेवांच्या व्यवस्थापनाचं पदव्युत्तर शिक्षण हा विषय कागदावर रुक्ष दिसतो. पण रात्री-अपरात्री कुणाला तरी घेऊन गाडी काढावी लागली नाही, असं घर निपाणीत सापडणं अवघड आहे. आणि गाडी हायवेला लागेपर्यंत ‘कोल्हापूर की बेळगाव’ हा वाद गाडीतच चालू असतो. कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर, पण राज्य दुसरं. बेळगाव आपल्या जिल्ह्याचं ठिकाण, पण जवळजवळ दुप्पट लांब. योजनेचं कार्ड कुठं चालेल, ओळखीचं कोण आहे, मागच्या वेळी पाहुण्यांचं ऑपरेशन कुठं झालं होतं, यावर गाडीचं तोंड कुठं वळायचं ते ठरतं. हा निर्णय घेतो थोरला मुलगा नाहीतर जावई, आणि तोही घाबरलेल्या अवस्थेत. असा निर्णय घरच्यांच्या माथी मारणं मला मान्य नाही. कोणता रुग्ण कुठं जाईल, कोण नेईल, पलीकडे कोण उतरवून घेईल आणि पैसे कुठून येतील हे आधी ठरवून ठेवणारी, त्यासाठी शिकलेली माणसं या भागात पाहिजेत, आणि ती इथल्याच मातीत तयार झाली पाहिजेत. आज मी एवढंच मांडणार आहे.

या भागातल्या आजारपणाचा नकाशा राज्यांच्या नकाशाशी कधी जुळलाच नाही. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभं केलं, आणि पुढं मराठी-कन्नड दोन्ही मुलखांतली माणसं रेल्वेनं मिरजेला जाऊ लागली. ‘मिरजेला नेलंय’ म्हटलं की आजार मोठा आहे हे गावाला कळायचं. तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता आणि मिरज संस्थान होतं, पण रुग्णाला त्याची फिकीर नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, त्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. परिणाम असा, की निपाणीचा रुग्ण आज महाराष्ट्रात कोल्हापूरला जातो आणि चंदगडचा रुग्ण कर्नाटकात बेळगावला येतो. दोघंही बरोबरच करतात, कारण जवळचा दवाखाना तोच आहे. दोघांचे कागद मात्र उलट्या दिशेला तोंड करून बसलेले असतात.

कायद्याचंही तसंच. मुंबई राज्यानं १९४९ मध्ये शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा केला, तेव्हा बेळगाव त्याच राज्यात होतं. तो कायदा महाराष्ट्रात दुरुस्त्या होत होत आजही चालू आहे. इकडे खासगी दवाखान्यांना २००७ चा कर्नाटकचा कायदा लागू आहे. त्यातल्या दुरुस्तीवरून नोव्हेंबर २०१७ मध्ये खासगी डॉक्टरांनी बेळगावातच, विधिमंडळाचं अधिवेशन चालू असताना, मोठं आंदोलन केलं होतं. म्हणजे कागलच्या आणि निपाणीच्या नर्सिंग होमना रुग्ण एकाच पंचक्रोशीतला येतो, पण नोंदणी, दरपत्रक आणि तक्रारीची जागा वेगवेगळी. इथं रुग्णालय चालवणाऱ्या माणसाला दोन्ही कायदे ठाऊक हवेत. कुठल्याही अभ्यासक्रमात ते शेजारी शेजारी ठेवून शिकवल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

आता एक वही दाखवतो. सीमेलगतच्या एका गावात आशाताईंची गरोदर बायकांच्या नोंदींची वही मी पाहिली. कोपरे वळलेले, प्लास्टिकचं कव्हर. वर छापलेले रकाने कन्नडमध्ये आणि खाली बाईंचं वळणदार अक्षर मराठीत. नाव, नवऱ्याचं नाव, शेवटच्या पाळीची तारीख, अपेक्षित तारीख, धनुर्वाताची इंजेक्शनं. एका ओळीत हिमोग्लोबिन आठच्या आसपास, त्याखाली लाल पेनानं रेघ. आणि सातव्या महिन्यानंतरच्या सगळ्या रकान्यांवरून आडवं लिहिलेलं: ‘माहेरी गेली’.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. निपाणी-चिकोडीकडची सून कागल, गडहिंग्लज, आजऱ्याची असते; कागलची सून निपाणीची असते. सोयरिकी राज्य बघून होत नाहीत. सात महिने ती एका राज्याच्या नोंदीत असते, तिच्याकडे कर्नाटकचं थायी कार्ड, म्हणजे मातेचं कार्ड, असतं. डोहाळजेवण झालं की ती दुसऱ्या राज्यात जाते, तिथल्या आशाताईंना ती नवी पाहुणी. अंगात रक्त कमी आहे हे ज्या बाईंना माहीत आहे त्या या बाजूला राहिल्या, आणि ज्यांच्या गावात ती बाळंत होणार त्यांना ते माहीत नाही. बाळ पलीकडे जन्मतं, पहिल्या लसी पलीकडे, आणि सव्वा महिन्यानं किंवा तीन महिन्यांनी मायलेकरं परत येतात तेव्हा ‘कार्ड आईकडं राहिलं’. दोन्ही बाजूच्या आशाताईंनी आपापलं काम चोख केलेलं असतं. तरीही सगळ्यात धोक्याच्या काळात ती बाई कुणाच्याच वहीत नसते.

हा दोष डॉक्टरांचा नाही. बेळगावात वैद्यकीय शिक्षणाची वाण नाही. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज १९६३ पासून आहे, सरकारी बिम्स हे कॉलेज २००५ पासून आणि जिल्हा रुग्णालय त्याला जोडलेलं. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालय आहे, राजर्षी शाहूंच्या नावाचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे. उणीव आहे ती या वहीपासून त्या वहीपर्यंत जाणाऱ्या वाटेची जबाबदारी घेणाऱ्या माणसाची. तो माणूस डॉक्टर असेल किंवा नसेल, पण त्याचं हेच काम असलं पाहिजे आणि ते त्यानं शिकलेलं असलं पाहिजे.

हे शिकता येतं, ही जाणीव जगातही तशी अलीकडची. रुग्णालय प्रशासनाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम शिकागो विद्यापीठात १९३४ मध्ये निघाला. आपल्याकडे भोर समितीनं १९४६ मध्ये आरोग्यसेवेचा सगळा आराखडा मांडला, आणि दिल्लीच्या एम्समध्ये रुग्णालय प्रशासनाची पदव्युत्तर पदवी साठच्या दशकात सुरू झाली. आज मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, पुण्यात सिंबायोसिसमध्ये, बंगळूरूच्या राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत असे अभ्यासक्रम आहेत. बेळगावात सार्वजनिक आरोग्यातली एमपीएच करता येते. नर्सिंग, फार्मसी, आयुर्वेद, समाजकार्य, वाणिज्य, अशा कुठल्याही वाटेनं आलेल्या पदवीधराला या क्षेत्रात दार आहे. हे पालकांनी नीट ऐकावं. नीटमध्ये मार्क कमी पडले म्हणून आरोग्यक्षेत्राचं दार बंद झालं असं समजणारी कितीतरी घरं इथं आहेत.

पण या शिक्षणाचा कल आज मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयाकडे आहे. खाटा किती भरल्या, विम्याचा क्लेम किती दिवसांत सुटला, मानांकनासाठी कागद कसे लावायचे, हे मुलं दोन वर्षांत पक्कं शिकतात. ते निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही, त्याशिवाय रुग्णालय चालत नाही. मात्र त्या अभ्यासात रुग्ण रिसेप्शनच्या काचेसमोर उभा राहतो तिथून सुरुवात होते. त्याआधीचे सहा तास, चार वाहनं आणि तीन चिठ्ठ्या अभ्यासाबाहेरच राहतात. आपल्याकडे माणसं दगावतात ती बहुधा त्या सहा तासांत.

आणि ते सहा तास अभ्यासता येतात, याचा पुरावा शोधायला परदेशी जायला नको. तो बेळगाव जिल्ह्यातच आहे. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हे माता दगावण्याचं मोठं कारण. त्यावरचं ऑक्सिटोसिन हे इंजेक्शन थंड जागी ठेवावं लागतं आणि टोचायला तयार हात लागतो. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या बाईपाशी दोन्ही नसायचं. मिसोप्रोस्टोल ही पोटातल्या अल्सरसाठी निघालेली गोळी गर्भाशय आवळते, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होतं. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकन सहकाऱ्यांसह २००२ ते २००५ या काळात जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत १,६२० बाळंतिणींवर तिची चाचणी घेतली. गोळी द्यायच्या त्या सहायक परिचारिका, म्हणजे आपल्या एएनएम सिस्टर. डॉ. रिचर्ड डरमन, डॉ. बी. एस. कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर आणि सहकाऱ्यांचा हा निबंध २००६ च्या ऑक्टोबरमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. गोळी न मिळालेल्या शंभरांतल्या बारा बायकांना अतिरक्तस्राव झाला. गोळी मिळालेल्यांत हे प्रमाण ६.४ टक्क्यांवर आलं. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या वापरासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

त्या कामातली एक वस्तू मला फार मोलाची वाटते. रक्त किती गेलं हे पूर्वी नजरेनं ठरवत, आणि नजर नेहमी कमीच सांगते. या मंडळींनी बाळंतिणीखाली पसरायची, खाली नरसाळ्यासारखी निमुळती होणारी प्लास्टिकची पिशवी वापरली. तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा. सिस्टरनं वाकून आकडा वाचायचा, इतकं सोपं. पाचशेची खूण ओलांडली की धोका. साधनाला वीज नको, मोठं शिक्षण नको. तिला पाहून कळतं की सेवा बांधणं म्हणजे काय असतं: शेवटच्या टोकाला असलेल्या माणसाच्या हातात त्याला जमेल असं साधन आणि त्याला कळेल अशी खूण देणं. २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि तांझानियातल्या रुग्णालयांत अशीच मोजमापाची पिशवी आणि ठरलेले उपचार लगोलग देण्याची पद्धत एकत्र वापरली, तेव्हा गंभीर रक्तस्राव आणि त्यापायी होणाऱ्या शस्त्रक्रिया-मृत्यूंचं एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी खाली आलं.

यशाबरोबर अपयशही शिकवलं पाहिजे. बेळगाव आणि नागपूर धरून सहा देशांत आणखी एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. गावकऱ्यांना संघटित करणं, दाई-परिचारिकांना आणि दवाखान्यांतल्या लोकांना प्रशिक्षण देणं, असा तो कार्यक्रम होता. मेहनत मोठी झाली, पण बाळं दगावण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. लोकांना शहाणं करून दवाखान्यापर्यंत आणलं, पण दवाखान्यात रक्त, भूल देणारा डॉक्टर आणि सामान नसेल, तर नुसत्या प्रशिक्षणानं काय साधणार? हे दोन निबंध समोरासमोर ठेवून एक आख्खं सत्र शिकवावं, असं मला मनापासून वाटतं.

निपाणीचा स्वतःचा प्रश्न आहे तो तंबाखूचा. १९८१ च्या शेतकरी आंदोलनानं निपाणी देशाला माहीत झाली. त्याच सुमारास वखारीत राबणाऱ्या बायकांच्या लढ्यावर युगांतर या स्त्रियांच्या गटानं माहितीपट केला. त्या बायकांचा खोकला, दमा, पाठीचं दुखणं यांवर बरंच बोललं गेलं. ओपीडीच्या वेळेवर कुणी बोललं नाही. विडी वळणारीला मजुरी हजारावर मिळते. सकाळची ओपीडी गाठायची तर तिची निम्मी मजुरी जाते. म्हणून ती येत नाही, आणि येते तेव्हा क्षयाचं निदान उशिरा होतं. तिच्या वस्तीत आठवड्यातून दोन संध्याकाळी तपासणी ठेवणं, थुंकीचा नमुना घ्यायला तिच्या दारी माणूस जाणं, हे निर्णय औषधाच्या बाटलीत मिळत नाहीत. कुणीतरी तिचा दिवस तासातासानं मांडून बघावा लागतो. पदव्युत्तर प्रबंधासाठी याहून चांगला विषय मला सुचत नाही.

आता योजनांकडे. कर्नाटकात २०१८ पासून आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक आहे. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण, पण तातडीचं नसेल तर सरकारी दवाखान्याची चिठ्ठी आधी लागते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं ती कर्नाटकातल्या सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं आणि कर्नाटक सरकारनं त्याला हरकत घेतली. दोन राज्यांमधल्या सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे. माझं मत या श्रोत्यांना माहीत आहे आणि ते इथं सांगायची गरज नाही. मी एवढंच म्हणतो की निकाल कधी आणि कसाही लागो, आज रात्री छातीत दुखू लागलेल्या माणसाला तोवर थांबता येत नाही. दोन्ही योजनांच्या काउंटरवर बसणाऱ्या कर्मचाऱ्याचं नाव दोन्ही राज्यांत ‘आरोग्यमित्र’ असंच आहे. त्या दोन आरोग्यमित्रांना एकमेकांचे कागद वाचता आले, एकमेकांचा फोन नंबर ठाऊक असला, तर अर्ध्या अडचणी काउंटरवरच मिटतील. १०८ रुग्णवाहिकेचंही तेच. नंबर एकच, पण कर्नाटकची सेवा २००८ पासून बंगळूरूहून चालते आणि महाराष्ट्राची २०१४ पासून पुण्याहून. सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोन रुग्णवाहिकांनी कोणता रुग्ण कुठं न्यायचा, याचा लेखी करार दोन जिल्ह्यांत व्हायला हवा.

करार होत नाहीत असं नाही, पण आपल्याकडे ते माणसं गेल्यावर होतात. करोनाच्या साथीत, मार्च २०२० मध्ये, कर्नाटकानं केरळची सीमा बंद केली, तेव्हा कासरगोडचे रुग्ण मंगळूरूला पोहोचू शकले नाहीत, काही दगावले. प्रकरण केरळ उच्च न्यायालयात, तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि एप्रिलमध्ये तलपाडी नाक्यावरून कोणत्या रुग्णाला कसं सोडायचं याची कार्यपद्धती ठरली. पुढच्याच वर्षी कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद मागितला जाऊ लागला. ते दिवस तुम्हाला सांगायला नकोत. जुलै २०२१ च्या पुरात यमगर्णीजवळ हायवेवर वेदगंगेचं पाणी आलं आणि वाटच बंद झाली. पूर २०१९ मध्येही आला होता. डायलिसिसचा रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा जातो. त्या दिवसांत त्यानं कुठं जायचं, याची यादी पावसाळ्याआधी तालुक्याच्या टेबलावर तयार असली पाहिजे.

वेगळं काय करता येतं याचं एक उदाहरण स्पेन-फ्रान्सच्या सीमेवर आहे. पिरेनीज डोंगरांत सेर्दान्या नावाचं खोरं आहे, लोकवस्ती तीसेक हजार, अर्धं खोरं एका देशात, अर्धं दुसऱ्यात. फ्रान्सच्या बाजूच्या लोकांना मोठ्या दवाखान्यासाठी डोंगर उतरून सुमारे १०० किलोमीटरवरच्या पेर्पिन्याला जावं लागायचं. दोन्ही बाजूंनी खर्च वाटून स्पेनमधल्या पुइगसेर्दा गावात एकच रुग्णालय बांधलं. ते २०१४ मध्ये सुरू झालं. इमारत हा सोपा भाग ठरला. फ्रेंच आईचं बाळ स्पेनच्या भूमीवर जन्मलं तर नोंद कुठं? फ्रेंच रुग्ण दगावला तर पार्थिव सीमेपलीकडे कोणत्या कागदावर न्यायचं? कोणत्या देशाचा विमा किती देईल? हे सगळं त्यांना एकेक करून सोडवावं लागलं. देश दोन, भाषा तीन, तरी त्यांनी ते केलं. आपण तर एकाच देशात, एकाच संविधानाखाली राहतो.

म्हणून बेळगावात किंवा निपाणीत दोन वर्षांचा असा पदव्युत्तर अभ्यासक्रम उभा राहावा, जो सीमेलाच आपली शाळा मानेल. त्यात मराठी आणि कन्नड दोन्ही लिहिता-वाचता आल्याशिवाय पदवी मिळू नये. मी मराठीचा अभिमानी आहे आणि हे जाणीवपूर्वक सांगतो: इथल्या रुग्णाचे कागद दोन्ही भाषांत आहेत, तेव्हा त्याची सेवा करणाऱ्याला दोन्ही आल्या पाहिजेत. चारपैकी एक सत्र आरोग्य केंद्रात आणि तालुका रुग्णालयात जावं. केसपेपरच्या खिडकीपासून औषधाच्या कोठारापर्यंत प्रत्येक जागी विद्यार्थ्यानं काम करावं. पुरवठा, हिशेब, कायदा, साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र हे तर शिकायचंच. आणि प्रबंध असा हवा की तो संपल्यावर एका तालुक्यातली एक तरी गोष्ट बदलली पाहिजे. केजी ते पीजी शिक्षण देणाऱ्या मोठ्या संस्था या जिल्ह्यात आहेत. त्यांना हे अवघड नाही.

शिकून नोकरी कुठं, हा प्रश्न रास्त आहे. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हापासून जिल्हा आणि तालुका पातळीवर कार्यक्रम व्यवस्थापक आहेत, पण कंत्राटी. वर्ष संपत आलं की नूतनीकरणाची चिंता. अशा माणसाकडून दहा वर्षांचा विचार कसा मागायचा? केंद्र सरकारनं २०२२ मध्ये सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापन संवर्गाची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांना दिली, त्यात आरोग्य व्यवस्थापनाचा स्वतंत्र संवर्ग आहे. ती दोन्ही राज्यांनी कायम पदं निर्माण करून अमलात आणावीत. सभागृहातल्या लोकप्रतिनिधींना माझी विनंती आहे की पुढच्या अधिवेशनात एवढा एक प्रश्न विचारा: बेळगाव जिल्ह्यात अशी कायम पदं किती आणि ती कधी भरणार?

आणि इथं बसलेल्या तरुण मुला-मुलींना सांगतो. रुग्णालय प्रशासनातलं एमएचए, एमपीएच, रुग्णालय व्यवस्थापनातलं एमबीए, यांपैकी काहीही करा, पुण्याला जा, बंगळूरूला जा, उत्तम शिका. मात्र प्रबंधाचा विषय निवडायची वेळ येईल तेव्हा निपाणीला या. त्या आशाताईंची वही दाखवायला मी तुमच्याबरोबर येईन. ‘माहेरी गेली’ या शब्दांपुढचे रिकामे रकाने दोन्ही राज्यांत मिळून कसे भरायचे, एवढं एक काम तुमच्यापैकी कुणीतरी अंगावर घ्या.